पहिल्या नोकरीचा फेरा
अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात १६-१७ वर्षांची मुले सापडतात. तो तोडणारी एक वाट म्हणजे उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार वयाची १४ वर्षे, धोक्याच्या उद्योगात १८ वर्षे, पूर्ण झालेल्यास विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांवर असे उमेदवार घेण्याचे बंधनच आहे. पुढच्या नोकरीची हमी मात्र कायदा देत नाही. म्हणून पालकहो, रकमेचा आकडा पाहण्याआधी तेथे मुलाला कोण आणि काय शिकवणार, हे विचारा. कारखानदारांना आमचे सांगणे एवढेच, की पहिली संधी हा उपकार नव्हे. उद्याचा कारागीर असाच घडतो.