स्लॅमबुक आलं कुठून?

दहावीचा निरोप समारंभ आठवतोय? यवतमाळ असो, पुसद की वणी, शेवटच्या आठवड्यात वर्गभर एक वही फिरायची. आवडता रंग, आवडता हिरो आणि शेवटी ‘मला विसरू नको’.

ही कल्पना जवळपास पावणेपाचशे वर्षं जुनी आहे बरं का! सोळाव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्गचे विद्यार्थी मार्टिन ल्यूथर, मेलांक्थॉन अशा गुरूंकडून चार ओळी आणि सही घ्यायचे. मग मित्रही त्यात लिहू लागले. लॅटिनमध्ये या वहीला म्हणत ‘आल्बुम अमिकोरुम’, म्हणजे मित्रांची वही. परक्या गावी ती ओळखपत्रासारखी कामी यायची. वही उघडली की कळायचं, हा कोणाकोणाच्या ओळखीतला आहे.

आपल्याकडे गांधीजी सहीचे ५ रुपये घेत आणि ते हरिजन फंडात टाकत. १९३६ पासून त्यांचा मुक्काम आपल्या शेजारी, सेवाग्रामला होता. खुद्द यवतमाळात साहित्य संमेलन भरलं ते १९७३ मध्ये, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. पुन्हा २०१९ मध्ये, अध्यक्ष अरुणा ढेरे. आणि संमेलन म्हटलं की सह्यांच्या वह्या आल्याच!

आता सेल्फी आहे. सोबत कोण होतं, ते सेल्फी सांगतो. त्याला आपल्याबद्दल काय वाटत होतं, ते वहीच सांगते.

माझं स्लॅमबुक परवा उघडलं. त्यातले बरेच नंबर आता लागत नाहीत. अक्षर मात्र नाव न वाचताच ओळखू आलं.

तुमची वही कुठंय? शोधा एकदा.