पाण्यात डिटर्जंट आहे का? आधी बाटली पाहा

सांगलीकडे एका बोअरच्या पाण्याला फेस येऊ लागला आणि शेजारच्या कापड धुलाईवाल्यावर ठपका आला. पाण्याचा नमुना मीच प्रयोगशाळेत नेला. अहवालात डिटर्जंट भरपूर निघाले. नंतर समजले की, बाटली घरी धुण्याच्या पावडरनेच घासली होती! दुसऱ्या बाटलीतला नमुना मर्यादेच्या आत आला. पण तोवर त्या गरिबाचे काम दोन महिने बंद पडले होते. म्हणून ही माहिती प्रत्येक व्यापारी व कारागीर बंधूने लक्षात ठेवावी.

नुसता फेस हा पुरावा नव्हे. कुजलेल्या पाल्यानेही पाण्याला फेस येतो. खरी तपासणी अशी असते : नमुन्यात मेथिलीन ब्लू हा निळा रंग व क्लोरोफॉर्म घालून हलवतात. पावडरीतले डिटर्जंट या रंगाला धरून खाली बसलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. तो जितका निळा, तितके डिटर्जंट जास्त. निळेपणा यंत्रावर मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० प्रमाणे मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणीच नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

या तपासणीच्याही मर्यादा आहेत. साधा साबण तीत दिसत नाही. कापड भिजवण्यासाठी वापरतात ती 'नॉन-आयॉनिक' द्रव्येही दिसत नाहीत. उलट, पाणी फार खारे असेल तर आकडा फुगतो.

नमुना देताना काचेची बाटली घ्यावी. तिला साबण-पावडर लावू नये. गरम पाण्याने, मग त्याच बोअरच्या पाण्याने अनेकदा खळबळावी. नमुना बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवावा. नेहमीच्या तपासणीत डिटर्जंट असेलच असे नाही, म्हणून अर्जात तसे स्पष्ट लिहावे. धुलाईच्या वरच्या व खालच्या अंगाचे, असे दोन नमुने द्यावेत. नाहीतर दोष कोणाचा हे ठरत नाही.

कृष्णामाई महाबळेश्वरहून वाई, कऱ्हाड करीत सांगलीला येते. साताऱ्याकडे सोडलेले पाणी सांगलीकराच्या घागरीत पोचते. तेव्हा धुलाईवाल्यांनी मैले पाणी ओढ्यात सोडू नये. आणि पक्का अहवाल हाती आल्याशिवाय कोणी कोणाच्या रोजीवर बोट ठेवू नये.