इंजिनिअर राज्यसभेत कसा गेला?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत धरणे पुष्कळ. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. ही पाचही कुकडी प्रकल्पातली. धरणाची भिंत किती उंच, किती जाड, याचे गणित इंजिनिअर मांडतो. पण डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. खालच्या तालुक्यांना कालव्याचे पाणी मिळाले. कुणाची जमीन जायची आणि कुणाला पाणी मिळायचे, हे सरकारदरबारी ठरते. तिथे आपण निवडून दिलेली माणसे बसतात.

कधी कधी इंजिनिअरच त्या दरबारात जाऊन बसतो. अशा एकाची हकिगत आम्ही इथे सांगतो.

पृथ्वीराज चव्हाण हे कराडचे. जन्म १९४६ साली, इंदूरला. राजस्थानातल्या पिलानीला ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. पुढे अमेरिकेत बर्कले येथे शिकले. तिकडे काही वर्षे नोकरी केली आणि मायदेशी परतले. त्यांचे आईवडील दोघेही खासदार होते. म्हणजे राजकारण घरातच होते. तरी मते मागावी लागलीच. १९९१, १९९६ आणि १९९८ साली ते कराडमधून लोकसभेवर निवडून आले. १९९९ साली मात्र पडले. मग २००२ साली ते राज्यसभेवर गेले.

आता राज्यसभा म्हणजे काय? दिल्लीच्या संसदेत दोन सभागृहे आहेत. लोकसभेचा खासदार आपण स्वतः मत देऊन निवडतो. महाराष्ट्रातून राज्यसभेवर जाणारे खासदार आपले आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. खासदारकीची मुदत सहा वर्षे. उमेदवाराचे वय निदान ३० वर्षे लागते. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. त्यांत एक जुन्नरचा, एक आंबेगावचा. म्हणजे तुम्ही आमदाराला दिलेले मत असे फिरून दिल्लीपर्यंत पोचते, बरे का!

राज्यसभेत असताना चव्हाण २००४ पासून पंतप्रधानांच्या कार्यालयात राज्यमंत्री होते. २०१० साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांच्या आत राज्याच्या एका सभागृहाचे सभासद व्हावे लागते. म्हणून ते विधान परिषदेवर आले.

धरणांवर एवढा पैसा खर्च झाला, मग पाणी किती जमिनीला मिळाले? हा प्रश्न तेव्हा राज्यात गाजत होता. २०१२ साली त्यांच्या सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली. श्वेतपत्रिका म्हणजे एखाद्या विषयाची माहिती सरकारने लोकांपुढे लेखी मांडणे.

मुख्यमंत्रिपद २०१४ साली गेले. त्या साली आणि २०१९ साली ते कराड दक्षिणचे आमदार झाले. २०२४ साली पुन्हा हरले.

यातून आपण काय घ्यावे? इंजिनिअरची पदवी एकदा मिळाली की जन्मभर राहते. खासदारकी आणि आमदारकी मुदतीची असते. मुदत संपली की पुन्हा लोकांपुढे यावे लागते. तेव्हा उमेदवार दारी आला, की त्याचे शिक्षण विचारा. त्याबरोबर हेही विचारा, "आमच्या कालव्याच्या पाण्याचे काय करणार? धरणात ज्यांची जमीन गेली, त्यांचे काय?" उत्तर नीट ऐका, आणि मगच मत द्या.