दुबईला शिफ्ट होताय? इथलं सिम काढू नका!

मित्रांनो, डोंबिवलीहून धंद्यासाठी दुबईला निघालात, तर पहिल्या आठवड्याचं नेट इथूनच घ्या. फोनला ई-सिम चालत असेल तर ट्रॅव्हल ई-सिमचा क्यूआर कोड घरच्या वायफायवर स्कॅन करून ठेवा. नसेल चालत, तर तिथे पासपोर्टवर व्हिजिटर सिम मिळतं.

पण इथलं सिम फोनमध्येच हवं! बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी त्याचं इंटरनॅशनल रोमिंग चालू करा. त्या सिमचा डेटा मात्र बंद, नाहीतर बिल बघून घाम फुटेल. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो. आणि दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर तोच छापलाय ना?

हो, यूएईत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. कल्याणच्या सप्लायरला आधीच सांगून ठेवा.