तेल जाते कोठे?

मोटारीला पेट्रोल लागते हे लहान मूलही सांगेल. परंतु इंजिनाच्या पोटात दुसरेही एक तेल असते, आणि ते जळण्यासाठी नसून घर्षण कमी करण्यासाठी असते, याची आठवण पुष्कळ मोटारमालकांना गाडी बंद पडल्यावरच होते. हे वंगण वास्तविक एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत फारसे घटू नये. तरीही काही जुन्या गाड्यांत ते हजार किलोमीटरांत लिटरभर कमी होते, आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्याचा परिचय पंपापेक्षा पंतकवींशी अधिक. परंतु हे तेल जाते कोठे याचा शोध रहस्यकथेसारखाच वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच केला आहे.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. टोयोटा कंपनीची एम्. आर्. टू ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार. तिची तिसरी आवृत्ती १९९९ साली निघाली आणि २००७ साली तिचे उत्पादन थांबले. जपान, युरोप व अमेरिका येथे ती विकली गेली. आपल्या रस्त्यांवर ती सहसा दिसणार नाही. तिचे इंजिन पुढे नसून आसनांच्या पाठीशी, मागल्या चाकांच्या किंचित पुढे असते. सिलिंडर चार, आकारमान १७९४ घन सेंटिमीटर. याच कुळातले १.८ लिटरचे इंजिन २००३ साली भारतात आलेल्या कोरोला गाडीतही होते.

आता सिलिंडरच्या आत डोकावू. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला दट्ट्या म्हणतात तो पिस्टन येथे ९१.५ मिलिमीटर वर जातो व तितकाच खाली येतो. मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर सेकंदाला १०० फेरे झाले, म्हणजे पिस्टनने एका सेकंदात १८.३ मीटर अंतर तोडले. या वेगाने शंभर मीटरची शर्यत साडेपाच सेकंदांत संपेल! धातूवर धातू अशा वेगाने घासला तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असावा लागतो. घावन घालण्यापूर्वी आई तव्यावर कांद्याच्या फोडीने तेल फिरवते, तेवढाच. तेल साचून चालत नाही.

जास्तीचे तेल निपटण्याचे काम रिंगा करतात. प्रत्येक पिस्टनच्या अंगावर तीन खाचा असतात. वरच्या दोहोंतील रिंगा मुख्यतः वायूचा दाब धरून ठेवतात. तिसरी ती तेलाची रिंग. ती भिंतीवरचे जादा तेल खरवडते आणि तिच्यामागील खाचेत असलेल्या बारीक छिद्रांवाटे ते तेल पुन्हा खाली उतरते. एम्. आर्. टूच्या सुरुवातीच्या वर्षांतील इंजिनांत नेमकी ही छिद्रे मोजकी व लहान होती. उष्णतेने तेथे अडकलेल्या तेलाचा कोळसा होई, छिद्रे बुजत, आणि अखेर रिंग खाचेतच चिकटून बसे. पावसाळ्यापूर्वी पन्हळीतील आंब्याची पाने काढली नाहीत तर पागोळ्यांचे पाणी उलटून घरात शिरते. येथेही तोच प्रकार. खाली जाण्याची वाट बंद झालेले तेल वर ज्वलनकक्षात जाऊन जळून जाते. पुढे २००२ च्या सुमारास कंपनीने पिस्टनची रचना बदलून परतीच्या वाटा वाढविल्या.

परंतु प्रत्येक जुन्या गाडीत दोष तेथेच आहे असे धरून इंजिन उघडणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम मोजमाप हवे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन तापल्यावर बंद करून काही मिनिटे थांबावे, मापनकांडी पुसून पुन्हा बुडवावी व तेल वरच्या खुणेपर्यंत भरावे. किलोमीटरचा आकडा वहीत टिपावा. हजार किलोमीटरांनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत येण्यास किती तेल लागले ते मापाच्या भांड्याने पाहावे. "बरेच तेल खाते" या वाक्याला काहीच अर्थ नाही. "हजार किलोमीटरांस सातशे मिलिलिटर" याला आहे.

मग गळती पाहावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी तो साक्ष देतो. पुठ्ठा कोरडा निघाला तर धुराकडे वळावे. जळणाऱ्या तेलाचा धूर निळसर असतो. सकाळी इंजिन सुरू करताच एक निळा लोट येऊन नाहीसा झाला, तर झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. रात्रभरात तेथून तेल झिरपलेले असते. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर. मात्र धूर दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. धुराड्यातील उत्प्रेरक थोडाफार धूर स्वतःच जाळून टाकतो. त्यात त्याचेही आयुष्य घटते. इंजिनाच्या पोटातील वाफा परत आत ओढून घेणारी एक लहानशी झडप असते. ती अडकली तरीही तेल वर ओढले जाते. ती स्वस्त असते, म्हणून आधी तीच तपासावी.

याच्या पुढची चाचणी दाबाची, आणि भलेभले फसतात ते येथेच. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक बसवितात व इंजिन नुसते फिरवितात. चारही सिलिंडरांत दाब उत्तम भरला की मेस्त्री म्हणतो, "रिंगा ठणठणीत आहेत." पण कोणत्या रिंगा? दाब धरतात त्या वरच्या दोन! तिसरी पूर्ण चिकटलेली असली तरी हा मापक तिच्याविषयी काहीच बोलत नाही. तेव्हा दाब चांगला, झडपांचे सील नवे, गळती नाही, आणि तरीही प्लगच्या टोकाला तेलकट काजळी धरते, तर गुन्हेगार बहुधा तेलाची रिंगच असते.

उपायांत घट्ट तेल ओतणे हा सर्वांत लोकप्रिय व माझ्या मते सर्वांत फसवा. खप थोडा कमी दिसतो, कोळसा जागच्या जागीच राहतो. प्लगच्या भोकांतून विद्रावक द्रव सोडून रिंगा भिजत ठेवण्याची रीत आहे. कधी गुण येतो, कधी येत नाही. मात्र हा द्रव बाहेर काढल्यावाचून इंजिन सुरू केल्यास पिस्टनखालचा दांडा वाकू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. खरा इलाज म्हणजे इंजिन उतरवून सुधारलेले पिस्टन व नव्या रिंगा घालणे. त्यासाठी सिलिंडरची भिंत आधी मापून पाहावी लागते. या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात लोखंडाचे पातळ अस्तर आहे. ते फार झिजले असेल तर पोखरून मोठे करण्यास वाव थोडा. अशा वेळी नंतरच्या सालातील चांगले इंजिन शोधून बसविणे परवडते.

हा सारा खटाटोप थोड्याशा तेलासाठी कशाला, असे कोणी विचारील. या इंजिनात एकंदर तेल मावते ते सुमारे ३.७ लिटर. समोरच्या फळीवरील लाल दिवा तेल किती उरले हे सांगत नाही. तो केवळ दाब गेल्याचे सांगतो. तेल खूप उतरले असता स्पोर्ट्स मोटार वेगाने वळण घेते, तेल एका बाजूस उसळते, पंपाच्या तोंडी हवा येते आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. तोपर्यंत आतील बेअरिंगे कोरडी फिरलेली असतात. एखाद्या लिटराच्या हयगयीने संपूर्ण इंजिन भंगारात गेल्याची उदाहरणे याच जातीच्या गाड्यांत आहेत.

दुरुस्तीनंतरही मापाचे भांडे लगेच अडगळीत टाकू नये. नव्या रिंगा भिंतीवर नीट बसेपर्यंत पहिल्या हजारभर किलोमीटरांत थोडे तेल जातेच, आणि त्या काळात पेट्रोल भरताना दर वेळी मापनकांडी बाहेर काढून पाहावी लागते.