भाड्याची गाडी : निगा कुणी राखायची?

लग्नसराई, ईदची सुट्टी, उमराहला निघालेल्यांना विमानतळावर पोहोचवणे. अशा वेळी भाड्याच्या गाडीवाचून चालत नाही. कित्येक घरांचा तिच्याशी दुसऱ्या बाजूनेही संबंध असतो. कुणी टूरिस्ट गाडी चालवतो, तर आखातातून परतलेला कुणी साठवलेल्या पैशातून एखादी गाडी घेऊन भाड्याने लावतो. मालक म्हणतो, वापरणाऱ्याने जपून वापरावी. वापरणारा म्हणतो, आम्ही पैसे मोजले आहेत. या ओढाताणीत गाडीचे आयुष्य घटते आणि आत बसलेल्यांचा जीव धोक्यात येतो.

आधी नंबरप्लेट पाहा

चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. स्वतः चालवण्यासाठी मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे कायद्यात बसत नाही. स्वस्त पडते म्हणून ओळखीच्या माणसाकडून आपण ती घेतो. पण खासगी विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाल्यास नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते आणि मालक व प्रवासी दोघेही अडचणीत येतात. भाड्याच्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्रही लागते. ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. त्याची तारीख विचारण्यात संकोच नको.

मालकाने काय करावे?

भाड्याची गाडी रोज वेगवेगळ्या हातांत जाते, म्हणून सर्व्हिसिंग तारखेपेक्षा किलोमीटरवर ठरवावे. ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. सीझनमध्ये तो आकडा दोन-तीन महिन्यांतच गाठला जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी बदललेले बरे. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर बदलायलाच हवा. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. 2322 म्हणजे 2022 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर तडकते. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. ती चुकवणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे.

घेणाऱ्याने काय करावे?

ताबा घेताना गाडीभोवती एक फेरी मारून मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओरखडे, काच, मीटरवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा त्यात यावा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक व पाना आहे का, वायपर नीट चालतात का, हे पाहा. यात पाच मिनिटे जातात, पण परत देताना होणारा वाद टळतो.

आंबा घाट किंवा आंबोली उतरताना सतत ब्रेक दाबून धरू नका. ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरा. गाडी समुद्राच्या वाळूत नेऊ नका. खारे पाणी खालच्या पत्र्याला गंज आणते आणि तो लगेच दिसत नाही. पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी शिरून ते कायमचे निकामी होऊ शकते. इंजिन तापले असेल तर रेडिएटरचे झाकण उघडू नका. गाडी थांबवून मालकाला फोन करा.

हिशेब स्वच्छ ठेवा

फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. त्यात भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याकडे अमानत असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज मालकाची; निष्काळजीपणाने झालेले नुकसान वापरणाऱ्याचे. मूळ दुरुस्ती मालकाकडे, तर रोजचे इंधन वापरणाऱ्याकडे. पंक्चर, टोल, उशिराचे भाडे आणि अनामत रक्कम परत करण्याची मुदत या गोष्टी ताबा घेण्यापूर्वीच लिहून घ्या, समोर सख्खा मामेभाऊ असला तरी. आणि गाडी परत करताना कुठे घासली असेल, तर मालकाने विचारण्याआधी तुम्हीच सांगा. ही गाडी दुसऱ्या दिवशी एखाद्या कुटुंबाला घेऊन निघणार असते, आणि तिच्या कर्जाचा हप्ताही त्याच भाड्यातून जायचा असतो.