मराठी लोकेलवर रात्रीचा जॉब

टॅलेंड, पेंटाहो यांसारखी डेटा इंटिग्रेशनची साधने जावावर चालतात. एका डेटाबेसमधून माहिती उचलायची, साफ करायची, दुसऱ्यात भरायची, हा त्यांचा जॉब. बहुधा रात्री, समोर कोणी नसताना. भाषा आणि प्रदेश, म्हणजे लोकेल, आपण सांगितले नाही तर जावा ज्या मशीनवर चालतो तिचेच लोकेल गुपचूप उचलतो. सर्व्हर सहसा अमेरिकी इंग्रजीवर असतात, म्हणून कोणाला काही जाणवत नाही. मशीन मराठीवर असली की गंमत सुरू होते.

आकडे कसे लिहायचे, तारीख कशी मांडायची, आठवडा कोणत्या वारी सुरू करायचा, अशा जगभरच्या सवयी युनिकोडच्या सीएलडीआर या सामाईक साठ्यात नोंदवलेल्या आहेत. त्यात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी आहेत, मराठीचे देवनागरी. त्यामुळे कोड तोच, रक्कम तीच; हिंदी लोकेलवर ती इंग्रजी अंकांत उमटते आणि मराठीवर १२,३४,५६७ अशी. हा निर्णय मला योग्यच वाटतो; मराठी छापील मजकुरात देवनागरी अंक आजही सर्रास दिसतात. पण जावाच्या स्वतःच्या जुन्या साठ्यात मराठी नव्हतीच. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आला, त्याने सीएलडीआर हाच मूळ साठा मानला, आणि जावा बदलताच जुन्या जॉबचे आकडे बदलू शकले.

तेही सगळे नाहीत. संख्येचे सरळ अक्षरांत रूपांतर केले तर जावा इंग्रजी अंकच देतो. साचा लावून छापली तर लोकेल विचारतो. म्हणजे एकाच ओळीत ग्राहक क्रमांक इंग्रजीत आणि रक्कम देवनागरीत! जावाला स्वतःला ‘१२३’ पूर्णांक म्हणून वाचता येतो. पोस्टग्रेस डेटाबेसला येत नाही, तो थेट एरर देतो. एरर आली तर नशीबच म्हणायचे. जर्मन फाइलीत बिंदू हजाराचा असतो. ती भारतीय सेटिंगने वाचली तर बाराशे चौतीस युरोंचे जेमतेम सव्वा युरो होतात आणि जॉब हिरवा दिवा दाखवून संपतो.

उपाय सोपा आहे. पडदा आणि छापील अहवाल खुशाल मराठीत ठेवावेत. मशीनने मशीनला द्यायच्या फाइलीसाठी मात्र लोकेल जॉबमध्येच ठरवून टाकावे. मराठी ठेवून फक्त अंक इंग्रजी करण्याची सोयही भाषेच्या खुणेत आहे.

लांबीचे दुखणे वेगळे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’मध्ये काने आणि हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. ओरॅकल डेटाबेस कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजतो. २० लांबीच्या कॉलमात हेच नाव रोमनमध्ये आरामात बसते, देवनागरीत ओळच नाकारली जाते.

सगळ्यात चिवट प्रकरण कऱ्हाडचे. एका यादीत त्यातला अर्धा र साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण असा साठवलेला असतो. दुसरीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण जॉइन लावला की गावे दोन होतात. युनिकोडचे नॉर्मलायझेशनही या दोन रूपांना एक मानत नाही. जुळवणीआधी एक रूप दुसऱ्यात बदलणारी ओळ आपणच लिहायची. नुसते लोकेल ठरवून ती मिळत नाही.